बावीस फुटांचा पट्टा

उमाकांत ठवकरांनी आयुष्यभर बेल्ट जोडले. भिलाईत बेल्ट म्हटलं की कमरेचा पट्टा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो कोळसा, गिट्टी, चुनखडी वाहून नेणारा काळा रबरी पट्टा, जो कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रात्रंदिवस फिरत असतो. असा पट्टा कुठे फाटला की त्या कारखान्यातून ठेकेदाराला फोन जायचा आणि ठेकेदाराचा उमाकांतांना. मग कोहक्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरातून ते स्कूटरवर पत्र्याची पेटी बांधून निघायचे. पेटीत सुऱ्या, ब्रश, खडू, रबराच्या चिकाचा डबा आणि गीताबाईंनी दिलेला भाजी-पोळीचा डबा. हे दोन डबे शेजारी शेजारी ठेवू नका, भाजीला चिकाचा वास लागतो, असं गीताबाईंनी तीस वर्षं सांगितलं. तीस वर्षं भाजीला वास लागत राहिला.

जोड लावणं दिसायला सोपं. खराब झालेला तुकडा कापून टाकायचा. दोन्ही टोकांचे थर सोलून त्यांच्या पायऱ्या करायच्या, एका टोकाची पायरी दुसऱ्या टोकाच्या पायरीत बसेल अशा. मध्ये चीक लावायचा आणि वरून खालून तापलेल्या लोखंडी प्लेटींमध्ये दाबून धरायचं. तापवणं काही कठीण नाही. माणसाची परीक्षा होते ती निवताना. प्लेटी हाताला सोसवतील इतक्या थंड होईपर्यंत दाब काढायचा नाही. मग बेल्ट आधी रिकामा फिरवायचा आणि जोड लावणाऱ्याने बेल्टच्या लोखंडी चौकटीवर तळहात ठेवून उभं राहायचं. जोड समोरून गेला की हाताला कळतं, तो नीट बसलाय की नाही. जोडाशेजारी खडूने तारीख आणि स्वतःचं नाव लिहायचं. त्यानंतरच माल. आणि त्यांच्या पथकाचा एक रिवाज होता, तो कोणी सुरू केला कोणास ठाऊक: भरलेला बेल्ट तीन फेरे सुखरूप फिरेपर्यंत जोड लावणारा पाणी पीत नसे. मे महिन्यातही नाही.

उमाकांतांनी हे सगळं एकदाच मोडलं. वीसेक वर्षांपूर्वी एका गिट्टीच्या क्रशरवर काम होतं आणि त्यांना तुमसरला भाच्याच्या लग्नासाठी दुपारची गाडी धरायची होती. प्लेटी निवायला अजून अर्धा तास हवा होता. त्यांनी दाब काढला. घाई करायला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी रागावलं नव्हतं. चूक सगळी त्यांची एकट्याची. दुसऱ्याच फेऱ्यात जोड उघडला, पट्ट्याचं टोक उसळलं आणि त्यांचा जोडीदार गुलाब याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. गुलाब त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. अजूनही पोळ्याला बेसनाची ठेठरी घेऊन घरी येतो आणि उरलेल्या तीन बोटांत चहाचा कप धरून बसतो. उमाकांत त्या कपाकडे बघत नाहीत.

असा हा माणूस यंदा, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, स्वतःच मधून कापला आणि जोडला गेला.

झालं असं की, एका सोमवारी जेवण झाल्यावर त्यांच्या पोटात कळ आली. संध्याकाळपर्यंत पोट ढोलकीसारखं टणक झालं आणि उलट्या थांबेनात. मुलगा केदार त्यांना घेऊन दवाखान्यात गेला. तपासण्यांत कळलं की तरुणपणी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, त्या जागी आत एक चिवट दोरीसारखा पदर तयार झाला होता, आणि इतक्या वर्षांनी आतड्याचं एक वेटोळं त्यात अडकून पिळलं गेलं होतं. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर मृणाल पिंपळापुरे यांनी पोट उघडलं. त्या मूळच्या रायपूरच्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. आतडं तेवढ्या जागी काळं पडलं होतं. त्यांनी तो तुकडा काढला आणि दोन्ही टोकं जोडली.

बुधवारी उमाकांत नीट शुद्धीवर आले. नाकात नळी, हातात सलाईन. डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती कापलं जी?"

"दीड फूट."

"उरलं किती?"

"लहान आतडं पूर्ण ताणून मोजलं तर वीस-बावीस फूट भरतं, काका. तुम्हाला काही कमी पडणार नाही."

"अन् जोड कसा लावला? गरम का थंडा?"

डॉक्टरांना क्षणभर काही कळेना. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या केदारने मान खाली घालून सांगितलं, "बाबा बेल्ट जोडायचे, मॅडम. ते तसं विचारून राहिले."

"शिवलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"सुई-दोऱ्यानं?"

"सुई-दोऱ्यानंच."

सुईने बेल्ट शिवणारा माणूस उमाकांतांनी पाहिला नव्हता. जिथे भोक पडतं तिथूनच पट्टा फाटतो, हे त्यांनी नव्या पोरांना किती वेळा सांगितलं होतं. आणि इथे त्यांच्या पोटात भोकं पाडून ठेवली होती.

"आता आतडं काही दिवस झोपून राहील," डॉक्टर जाता जाता म्हणाल्या. "पोटाला हात लावला की ते असंच करतं. जागं झालं की वारा सरेल. वारा सरला की लगेच सांगायचं. तोवर पाण्याचा थेंब नाही. त्यानंतर पाणी, मग पेज."

घरच्यांनी ते शब्द मनावर घेतले. गीताबाई दर तासाला विचारू लागल्या. केदार कारखान्यातून फोन करून विचारी. कॉलेजात जाणारी नात सई हळू आवाजात विचारी, "आजोबा, कुछ हुआ क्या?" ज्या गोष्टीचा उमाकांतांच्या घरी कधी उच्चार झाला नव्हता, तिची आता सगळं घर देवासारखी वाट बघत होतं.

शुक्रवारी दुपारी वारा सरला. उमाकांतांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

लाज हे कारण होतंच. पण खरं कारण दुसरं होतं. वारा सरला म्हणजे बेल्ट रिकामा फिरला, एवढंच. आता सांगितलं की हे लोक लगेच माल टाकणार. आणि जोडाला झाले होते अवघे तीन दिवस. बाहेरच्या कोरड्या, निर्जीव रबराला इतका वेळ द्यावा लागतो, तर आतल्या ओल्या, मऊ, शिवलेल्या जोडाला किती द्यावा लागेल? एकदा त्यांनी अर्ध्या तासाची घाई केली होती. त्या अर्ध्या तासाची किंमत दुसऱ्याच्या हाताने चुकवली होती. या वेळी घाई करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आणखी दोन दिवस उपाशी राहू, जोड पिकू दे, मग सांगू.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "काका, वारा सरला का?"

"नाही जी."

शनिवारी तेच. रविवारी तेच. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या. गीताबाई कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावत आणि म्हणत, "एवढं काहून अडलं असंल हो? तुमचं तर सगळं घड्याळासारखं होतं." त्या स्वतः दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. हे त्यांनी सांगितलं नाही, पण डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला नव्हता, हे पलंगावर पडल्या पडल्या उमाकांतांना कळत होतं.

रविवारी संध्याकाळी डॉक्टर मृणाल बराच वेळ पोटावर स्टेथोस्कोप ठेवून उभ्या राहिल्या. मग बाजूला होऊन केदारला म्हणाल्या, "मला कळत नाही. आतून आवाज येतोय, नळीतून येणारं पाणीही कमी झालंय. मग वारा का अडलाय? उद्या दुपारी स्कॅन करू. जोडापाशी अडलं असेल तर पोट परत उघडावं लागेल."

गीताबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. उमाकांतांनी ते ऐकलं. आता बोलायला हवं होतं. पण तीन दिवस खोटं बोललो, हे या बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं तर माल पडणार. न सांगितलं तर पोट उघडणार. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टर निघून गेल्या.

सोमवारी सकाळी मैनाबाई फरशी पुसायला आली. ती सगळ्यांशी आपलीच समजून छत्तीसगढीत बोलायची. गीताबाई तोंड धुवायला गेल्या होत्या. पलंगाखालून पोछा फिरवता फिरवता वारा सरल्याचा आवाज ऐकून मैनाबाई थबकली, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बबा, अभी का होइस?"

"काही नाही."

"झूठ झन बोल बबा. शुकवार के घलो सुने रेहेंव. शनिच्चर के घलो." तिने पोछा बादलीत टाकला. "अऊ डॉक्टरनी ला रोज कहिथस, नइ होइस. तोर बाई रोवत रहिथे बाहर म. काबर अइसन करथस?"

डॉक्टर मृणाल दारातच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गीताबाईही मागून आल्या आणि त्यांनी मैनाबाईकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"शुक्रवारपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

उमाकांतांनी मान हलवली.

"तीन दिवस मले खोटं सांगून राहिले तुमी?" गीताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच तो जास्त लागला. "मी इकडे नवस बोलून राहिली, अन् तुमी भिंतीकडे तोंड करून बसले."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. "का, काका? मला सांगा. मी रागावणार नाही."

मग उमाकांतांनी सांगितलं. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, पण सगळं सांगितलं. निवण्याचा अर्धा तास, भाच्याचं लग्न, गुलाबची दोन बोटं. "मॅडम, तुमचं काम चांगलंच असंल. पण जोड तो जोड. पिकला नाही तर उघडते. मले भेव वाटून राहिलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. जरा वेळ त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"तुमचं अर्धं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "असा जोड तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात कच्चा असतो. त्या दिवसांत मलाही स्वस्थता नसते. पण आज सहावा दिवस, काका. ते दिवस काल संपले. आणि तुमच्या बेल्टमध्ये आणि या बेल्टमध्ये एक फरक आहे. तुमचा बेल्ट सरकतो आणि माल त्याच्यावर बसून जातो. हा जागचा हलत नाही. मागून आवळतो, पुढून सैल होतो, आणि घास पुढे ढकलतो. घास एकदा गिळला की तुमचं काम संपलं. तुम्ही उलटे लटकलात तरी तो जठरात पोचतो."

"अन् मोटर?"

"मोटर नाही. स्विच नाही. त्याच्या भिंतीतच त्याच्या स्वतःच्या नसांचं जाळं आहे. मेंदूशी संबंध तोडला तरी ते आपलं काम चालू ठेवतं. जठरात आम्ल असतं, इतकं जहाल की ब्लेडसुद्धा झिजवील. आणि ते ज्या पिशवीत असतं ती पिशवी मात्र शाबूत राहते, कारण ती आतून सतत बुळबुळीत लेप लावून घेते. जठर खालचं दार किंचित उघडून थोडं थोडंच पुढे सोडतं. तिथे पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, आम्ल मारलं जातं. मग तुमचे बावीस फूट. आतून मखमलीसारखी लव असते त्याला. सगळी उलगडून पसरली तर अर्धं बॅडमिंटन कोर्ट भरेल."

उमाकांतांच्या डोळ्यांपुढे वसाहतीतल्या क्लबातलं ते कोर्ट आलं, जिथे केदार लहानपणी खेळायला जायचा. अर्धं कोर्ट. ते या पोटात. कमरेला गेली वीस वर्षं एकच पट्टा, त्याच भोकात.

"आणि त्या लवेचं अस्तर," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "चार-पाच दिवसांत सगळं नवं होतं. जुनं गळतं, खालून नवं येतं."

"त्याच्यासाठी बंद कधी करावं लागते?"

"कधीच नाही."

इथे उमाकांत उशीवरून डोकं उचलून त्यांच्याकडे पाहू लागले. बेल्ट बदलायचा म्हणजे सोळा सोळा तास सगळी लाइन बंद. वीस माणसं, साखळ्या, आरडाओरडा. आणि हा चालता चालता, माल वाहता वाहता, अंगावरचं रबर बदलतो. अडुसष्ट वर्षं. या हिशेबाने किती हजार वेळा, आणि त्यांना एकदाही कळलं नाही. त्यांनी या पोटात काय काय टाकलं होतं. बारशाची जेवणं, सावजी रस्सा, चिकाचा वास लागलेली भाजी. वरून त्यालाच बोल लावला होता.

"मग जोडही..." ते म्हणाले.

"जोडही आतून उगवतो. मी फक्त दोन टोकं जवळ आणून धरली. बाकी काम त्याचं. त्याला रक्तातून पोषण मिळतंच, पण अस्तराचं बरंचसं पोषण वरून जाणाऱ्या अन्नातूनच होतं. माल वाहिला तरच हा बेल्ट मजबूत होतो, काका. रिकामा ठेवला तर लव खुरटते. तुम्ही त्याला जपत होतात, पण तो उपाशी होता."

मैनाबाईसुद्धा बादलीशेजारी उभी राहून ऐकत होती.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोपची टोकं आपल्या कानांतून काढून त्यांच्या कानांत घातली आणि चकती पोटावर, पट्टीच्या जरा बाजूला ठेवली. सुरुवातीला नुसती शांतता. मग दुरून, जणू जमिनीखालून, एक गुडगुड आली. थांबली. मग एक बारीक चिरकल्यासारखा आवाज, पाणी अरुंद जागेतून सरकावं तसा. मग पुन्हा गुडगुड, या वेळी दुसरीकडून.

"रिकाम्या पोटातही दर दीडेक तासाला एक लाट वरपासून खालपर्यंत जाते," डॉक्टर म्हणाल्या. "उरलंसुरलं झाडून नेते. पुढच्या मालासाठी जागा साफ."

उमाकांतांनी डोळे मिटले. तीस वर्षं त्यांनी रिकामे बेल्ट फिरताना ऐकले होते. कुठे रोलर घासतो, कुठे पट्टा एका बाजूला सरकतो, ते त्यांना डोळे मिटून कळायचं. हे ऐकताना त्यांना कुठेही घासल्याचा आवाज आला नाही. कोणी बटण दाबलं नव्हतं, कोणी चौकटीपाशी उभं नव्हतं, कोणी तेल घातलं नव्हतं. आपण झोपलेलो, भ्यालेलो, खोटं बोलत पडलेलो, आणि हे आत आपलं झाडत होतं, चालत होतं, शिवलेल्या जागी उगवत होतं. त्यांना आपल्याच पोटासमोर टोपी काढावीशी वाटली. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून त्यांनी फक्त हात जोडले आणि मग तेही कोणी पाहू नये म्हणून पांघरुणाखाली घेतले.

डॉक्टरांनी जुनी पट्टी काढून नवी लावली. चिकटपट्टीवर पेनने तारीख लिहिली आणि पुढे आपल्या नावाची दोन अक्षरं. उमाकांतांनी ते वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं.

"हे तुमी रोज लिहिता?"

"ज्याने लावली त्याने लिहायचं. नियम आहे."

"मग माल पडताना उभं राहावं लागते तुमाले."

डॉक्टर घड्याळाकडे पाहणार होत्या, पण पाहिलं नाही. "राहते ना."

नाकातली नळी निघाली. गीताबाईंनी वाटीत पाणी घेतलं. त्यांचा राग अजून गेला नव्हता, चमचा पुढे करताना त्या म्हणाल्या, "घ्या आता. का हेही भिंतीले विचारता?"

पहिला चमचा जिभेवरून गेला. उमाकांतांनी तळहात पोटावर, पट्टीच्या बाजूला, चौकटीवर ठेवायचे तसा ठेवला. पाणी गळ्यातून उतरलं, छातीच्या मागून गेलं, तिथवर त्यांना कळलं. त्याच्या पुढे त्यांचं राज्य नव्हतं. ते थांबले. कळ आली नाही. दुसरा चमचा. डॉक्टर पलंगाच्या कडेशी उभ्या होत्या, हात मागे बांधून. बाहेरून कोणीतरी त्यांना हाक मारली तेव्हा त्यांनी बोट वर करून थांबायला सांगितलं. तिसरा चमचा. दोन मिनिटं गेली, पाच मिनिटं गेली. पोट मऊच राहिलं.

"डॉक्टरबाई," उमाकांत म्हणाले, "सकाळपासून तुमी पाणी पिले का?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. "नाही. पहाटेपासून ऑपरेशनमध्येच होते. का?"

"आता प्या. तीन फेरे झाले."

गीताबाईंनी सुरईतून ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी तिथेच उभ्या राहून तो एका दमात रिकामा केला, ग्लास परत दिला आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

केदार संध्याकाळी पेज घेऊन आला. गुलाबचा फोन आला होता, उद्या भेटायला येतो म्हणाला, असं त्याने सांगितलं. "येऊ दे," उमाकांत म्हणाले. "त्याले सांग, चहा इथंच घेऊ सोबत. बसून घेऊ."

मग त्यांनी पुन्हा पोटावर हात ठेवला. बराच वेळ काही नव्हतं. मग तळहाताखाली, खोल, एक हलकी हालचाल झाली आणि पुढे सरकली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.